रॉमकॉम बघताना 'घर कोणाच्या नावावर आहे?' असं विचारणाऱ्यांसाठी धागा

खडूस_कावेरी (धागाकर्ती)

आधीच सांगून टाकते, प्रेमाबद्दल माझी काही तक्रार नाही. आमचं लग्न प्रेमाचंच आहे आणि ते करायला दोन्हीकडच्यांशी यथेच्छ भांडलोय. तक्रार सिनेमातल्या प्रेमाबद्दल आहे. नवऱ्याला रॉमकॉमचं वेड, शनिवारी रात्री जेवणं उरकली की सहकारनगरातल्या आमच्या हॉलमध्ये एक लागतोच, आणि मी शेजारी बसून बघते कारण टीव्ही एकच आहे आणि नवराही एकच आहे.

दोघं प्रेमात पडली हे मला लगेच पटतं, त्यात काय, कोणीही कोणाच्याही प्रेमात पडतं. पटत नाही ते त्यांना वेगळं ठेवायचं कारण. सगळं छान चाललेलं असतं आणि तासाभराने ती त्याला लांबून कुणा बाईला मिठी मारताना बघते, ती बाई त्याची बहीण असते, पण ही विचारत नाही, तो सांगत नाही, दोघं आपापल्या खिडकीत पाऊस बघत बसतात आणि मागे पियानो. अहो एक फोन पुरला असता! तो करत नाहीत कारण अजून पाऊण तास भरायचाय. मी दिवसभर लोकांची व्हाउचरं तपासते, खर्च दाखवलाय पण बिल जोडलेलं नाही अशी एंट्री मला दुरून दिसते, आणि हा मधला रुसवा म्हणजे नेमका तसला खर्च.

थिएटरात हे खपून जातं कारण अंधार असतो, आवाज मोठा असतो आणि तिकिटाचे पैसे गेलेले असतात. घरी पॉजचं बटण असतं आणि सासूबाई असतात. परवा 'नॉटिंग हिल' लावला होता, १९९९चा, ज्यूलिया रॉबर्ट्स हॉलिवूडची स्टार आणि ह्यू ग्रँट पुस्तकांचा दुकानदार. आई मटार सोलत होत्या, डोळे टीव्हीवर, हात आपोआप चालू, सालं ताटात आणि दाणे मांडीवरच्या पातेल्यात. म्हणाल्या, "ह्याचं दुकान चालतं का गं?" म्हटलं नाही, तोट्यात आहे. "मग एवढं घर कोणाच्या नावावर आहे?" नवरा म्हणे आई प्लीज. मी मात्र पॉज केलं. प्रश्न रास्त आहे ना! प्रवासाची पुस्तकं विकणारा, तीही न खपणारी, घटस्फोट झालेला, आणि लंडनच्या त्या भागात निळ्या दाराचं घर, बरोबर राहणारा मित्र म्हणजे नुसता अवतार. नंतर शोधलं तर कळलं की ते निळ्या दाराचं घर पटकथा लिहिणाऱ्या रिचर्ड कर्टिसचंच होतं. म्हणजे पुस्तकविक्याला परवडणारं नाही, पटकथाकाराला परवडणारं.

तर शंकेखोर मंडळी, पॉज न करता शेवटपर्यंत बघता आलेला एक तरी प्रेमपट सांगा, आणि का ते सांगा. 'मनाने बघ, डोक्याने नको' हे उत्तर मला घरात फुकट मिळतं, इथे नको.

बाणेरचा_बोका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नवरोबांना सहानुभूती, सासूबाईंना साष्टांग.

पेठेतला_पेडगावकर

प्रेमपटात घर कोणाचं हा प्रश्न मराठीत १९८८ सालीच विचारून झालाय आणि तोही पुण्यातच. अशी ही बनवाबनवी. लोक त्याला नुसता विनोदी सिनेमा म्हणतात, पण त्यात जोड्या मोजा की. आणि त्यातली अडचण बघा, गैरसमज नाही, खलनायक नाही, श्रीमंत बाप नाही. अडचण काय, तर पुण्यात जागा मिळत नाही! लीलाबाई काळभोर बायकोसकट येणाऱ्यालाच जागा देणार, मग सचिनची सुधा होते आणि लक्ष्याची पार्वती, आणि तिथून पुढे प्रेमात पडायचं ते साडी नेसून. कथा मूळची हिंदीतली, हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', १९६६. पण ती पुण्यात आल्यावर जी फिट बसली तशी कुठे बसली नसती. आजही सोसायटीच्या ग्रुपवर 'बॅचलर नको' वाचतो तेव्हा वाटतं, अडचण अजून जशीच्या तशी आहे, फक्त आता डिपॉझिट वाढलंय.

कावेरीताई, तुमचा मुद्दा मी एवढाच ताणतो की अडचण खरी असेल तर माणूस त्यावरची कुठलीही थाप खपवून घेतो. लक्ष्या बाई म्हणून खपला ते उगीच नाही.

खडूस_कावेरी

@पेडगावकर, हे भारी आहे. पण मला त्यातल्या मुलींचं वाईट वाटतं हो, इतके महिने फसवलं आणि शेवटी सगळ्या दोन मिनिटांत हसून मोकळ्या.

पेठेतला_पेडगावकर

ते आहेच. लीलाबाईंनी तर डिपॉझिटसुद्धा जप्त केलं नाही.

मधुमालती

मी पक्की रॉमकॉमवाली, त्यामुळे या धाग्यावर मला कदाचित हाकलतील, पण बोलतेच. एवढं ऑडिट करायचं तर बघता कशाला? पोवाड्यात घोडा किती वेगाने धावला हे कोणी मोजत नाही. रॉमकॉम बघताना शेवट काय होणार हे आम्हालाही माहीत असतं, आम्ही काही बावळट नाही. मजा शेवटाची नसतेच, मजा असते तो मधला टप्पा बघण्यात, जिथे दोघांना अजून कळलेलं नसतं आणि आपल्याला कळलेलं असतं. तेवढा वेळ आपण देवासारखे वर बसलेलो असतो. दिवसभर ऑफिसात, घरात, रिक्षावाल्यापुढे आपलं काही चालत नाही, तिथे हे दीड तास बरं वाटतं. आणि कोथरूडात मी गॅलरीत बसून खालच्या कट्ट्यावरच्या पोरापोरींचं हेच फुकटात बघते, तिथे तर पियानोही नसतो.

संकलक

मी एडिटिंग करतो, लग्नाचे व्हिडिओ जास्त, सिनेमा कमी (पोट आहे). आतली थोडी गंमत सांगतो. कावेरीताईंना जे खटकतंय ते बहुतेक वेळा कथेत नसतं, कटिंगमध्ये असतं. दोघं प्रेमात पडली हे दाखवायला बोलणं लिहावं लागतं आणि चांगलं बोलणं लिहिणं महाकठीण, मग गाणं टाकतात आणि त्यावर तुकडे चिकटवतात, आइस्क्रीम, बाजार, समुद्र, तिचं हसणं, त्याचं बघणं. तीन मिनिटांत तीन महिने. आपल्याला वाटतं त्यांची ओळख झाली, प्रत्यक्षात त्यांनी एक वाक्य बोललेलं नसतं. मी लग्नाच्या व्हिडिओत हेच करतो. ज्या जोडप्याने सकाळपासून एकमेकांकडे बघितलेलं नाही त्यांचेही असे वीसेक सेकंद निघतात, मान वळताना एक, चुकून नजर गेली त्यातला एक, आणि खाली बासरी. घरचे रडतात.

'स्लीपलेस इन सिॲटल' (१९९३) हे त्याचं टोक. नायक-नायिका अख्ख्या सिनेमात जेमतेम काही मिनिटं एकत्र आहेत, खरं भेटणं थेट शेवटी, एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या गच्चीवर. काही लोक म्हणतात काय जादू आहे. मी म्हणतो जोखीमच घेतली नाही, बोलले असते तर पटलं नसतं कदाचित. पण मला आवडतो, खोटं नाही बोलणार.

आणि शेवटांबद्दल तर विचारूच नका. 'प्रीटी वुमन'ची (१९९०) मूळ पटकथा '३०००' नावाची होती आणि अजिबात गोड नव्हती, तिच्यात तो तिला सोडून जातो. 'व्हेन हॅरी मेट सॅली'मध्ये (१९८९) आधी ठरलं होतं की हॅरी आणि सॅली वेगळे होणार, दिग्दर्शक रॉब रायनर तेव्हा स्वतः घटस्फोटातून बाहेर पडलेला, त्याला तेच खरं वाटत होतं. शूटिंग चालू असताना त्याला एक बाई भेटली जिच्याशी पुढे त्याचं लग्न झालं, आणि शेवट बदलला. आता यातला कुठला शेवट 'वास्तववादी' सांगा बघू.

खडूस_कावेरी

@मधुमालती, तुम्हाला कोण हाकलणार, तुमच्यासारखा एक घरीच पाळलाय. बघता कशाला याचं उत्तर: शेजारी बसायला. पण शेजारी बसले म्हणून डोकं बाजूला काढून ठेवता येत नाही.

@संकलक, आमच्या लग्नाच्या व्हिडिओत मी नवऱ्याकडे प्रेमाने बघतेय असा एक शॉट आहे. मी तेव्हा त्याच्यामागे उभ्या असलेल्या केटररला शोधत होते.

रात्रपाळी

मी घरी असते तेव्हा जग झोपलेलं असतं त्यामुळे मी सगळे एकटीने बघते, हेडफोन लावून. माझा प्रश्न भाड्याचा नाही. माझा प्रश्न असा की हे सिनेमातलं वागणं आपल्या रस्त्यावर कोणी केलं तर आपण काय करू.

'लव्ह अ‍ॅक्चुअली' (२००३). तो पाट्यांचा सीन सगळ्यांना माहीत असेल, नाताळची रात्र, तो दार वाजवतो, ती दार उघडते, आत तिचा नवरा टीव्ही बघतोय जो याचाच जिवलग मित्र आहे, आणि हा एकेक पाटी दाखवतो, नवऱ्याला सांग की बाहेर नाताळची गाणी म्हणणारे आलेत. त्याच्याही आधी तिला त्याने काढलेला तिच्या लग्नाचा व्हिडिओ सापडतो आणि त्यात नुसती तीच असते, क्लोजअपमागून क्लोजअप, नवरा जवळपास नाहीच. संकलकभाऊ, तुमच्याकडून कोणी असा व्हिडिओ करून घेतला तर तुम्ही बासरी टाकाल की पोलिसात जाल? सिनेमात ती धावत मागे जाऊन त्याला किस करते. मी हेडफोन काढून ठेवले.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर डीडीएलजे. १९९५पासून मुंबईत मराठा मंदिरला लागलाय, त्यामुळे त्याविरुद्ध बोलणं म्हणजे पाप. राज पळवून न्यायला नकार देतो, आईच म्हणते जा पोरी पळून जा, तरी हा म्हणतो बापाच्या हातूनच नेईन, आणि सगळे म्हणतात काय संस्कार. आता शेवट नीट बघा. गाडी सुटलेली, ती बापाच्या मुठीतून हात ओढतेय, विनवतेय, आणि शेवटी तो सोडतो तेव्हाच ती धावते. तिने काय ठरवलं? काही नाही. दोन पुरुषांचं एकमत झालं. लहानपणी मी त्या सीनला रडायचे, आता त्या मुठीकडेच बघत राहते.

बाणेरचा_बोका

+१. पण गाणी??

रात्रपाळी

गाणी भांडी घासताना. तिथे काही वाद नाही.

कोथरूडची_कैरी

कोणी 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) म्हणेना म्हणून मी म्हणते. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, दोघांना सिनेमाभर नावंच नाहीत, एक दिवस, पुण्याचे रस्ते आणि अखंड बडबड. मला तो पटतो कारण त्यात संकलक म्हणतात तो शॉर्टकट नाही, माणसं खरंच बोलतात, आणि तेही कुठलं शहर भारी यावर, म्हणजे ज्या विषयावर आपल्याकडे खरोखर तासन्‌तास भांडता येतं.

पेठेतला_पेडगावकर

एका दिवसात पुण्यात एवढं फिरून होतं आणि कुठेही पार्किंग शोधत नाहीत, ही त्यातली खरी परीकथा.

जुना_प्रेक्षक

तरुण मंडळींचं वाचून मौज वाटली. मी निवृत्त आहे, एके काळी लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये मिळेल ते बघत असे, त्यामुळे थोडं जुनं बोलतो.

प्रेमाबद्दल शंका घेणारा माणूसच नायक असा सिनेमा मराठीत १९३८ सालचा आहे. मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी', लेखन आचार्य अत्र्यांचं. नायक औदुंबर ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून पेटतो, नट्यांची चित्रं फेकून देतो, व्यायाम सुरू करतो, आणि मग मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी' गाते. त्या पोशाखावर तेव्हा केवढा गहजब झाला. अत्र्यांनी टिंगल प्रेमाची केलेली नाही, व्याख्यान ऐकून आयुष्य ठरवणाऱ्यांची केली आहे. शंकेखोरांनी आवर्जून बघावा.

आता कावेरीबाईंच्या व्हाउचरबद्दल. १९३४ सालचा 'इट हॅपन्ड वन नाइट', दिग्दर्शक फ्रँक काप्रा. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही ऑस्कर त्याला मिळाली. आपल्याकडचे 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है कि मानता नहीं' (१९९१) त्याच्यावरूनच. धनाढ्य बापाची मुलगी घरातून पळालेली, नोकरी गेलेला एक वार्ताहर तिला बसमध्ये भेटतो. बापाने मुलीचा ठावठिकाणा सांगणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलंय. शेवटाकडे गैरसमज होतो (हो, तुमचा तो रुसवा इथेही आहे, मी लपवणार नाही) आणि ती दुसऱ्याशी लग्नाला उभी राहते. तेव्हा नायक बापाकडे पैसे मागायला जातो. बापाला वाटतं आला बक्षिसाला. तर हा मागतो ३९ डॉलर ६० सेंट. पेट्रोलसाठी त्याला अंगावरचा कोट, बॅग, टोपी विकावी लागली त्याचा तपशीलवार हिशेब. वर एक सेंटही नको. बाप तो कागद बघतो आणि तिथेच त्याला कळतं की याचं मुलीवर प्रेम आहे.

आणि रात्रपाळी, तुमच्या मुठीबद्दल: इथे बाप मुलीला हात धरून लग्नाच्या वेदीकडे नेत असतो आणि चालता चालता तिच्या कानात सांगतो की तो माणूस बरा आहे, बाहेर गाडी तयार ठेवली आहे, पळ. ती पळते.

खडूस_कावेरी

काका!!! ३९.६०! बिल जोडलेलं आहे!

या शनिवारी हाच. नवऱ्याला काळा-पांढरा म्हटल्यावर जांभई आलेली आहे पण मी ठरवलंय.

मधुमालती

हसून हसून पुरेवाट. बाईला चंद्र-तारे नकोत, रिइम्बर्समेंट हवं.

खडूस_कावेरी

बघितला. सविस्तर लिहिते कारण ज्यांना वाटतं आम्ही फक्त नाक मुरडतो त्यांनी वाचावं.

पहिला अर्धा तास दोघंही मला असह्य वाटली, ती लाडावलेली, तो आगाऊ. पण तो अर्धा तास पैशात जातो आणि तेच मला धरून ठेवतं, तिच्याकडे किती उरले, बसमध्ये चॉकलेट घ्यायचं का, खोली एक घ्यायची की दोन. पैसे नाहीत म्हणून एकच खोली, मध्ये दोरी बांधून चादर टाकलेली. ही खरी अडचण! त्यांना एका खोलीत आणणारं कारणही खरं आणि मध्ये ठेवणारं कारणही खरं, दोन्ही त्या एका चादरीत. सकाळी तो तिला नाश्ता करून देतो, आणि डोनट कॉफीत किती वेळ बुडवायचा यावर शिकवणी घेतो, हा सीन आईंना फार आवडला, त्यांनी लगेच पारले-जीचं उदाहरण दिलं. नंतर गैरसमज आला तिथे माझा हात रिमोटवर गेला होता, पण मग बिल आलं. मी खरंच टाळी वाजवली. नवरा म्हणाला तू पहिल्यांदा रॉमकॉमला टाळी वाजवलीस आणि तीही हिशेबाला.

का चाललं माझ्यापुरतं ते सांगते. बाकीच्या सिनेमांत नायक प्रेम सिद्ध करायला काहीतरी जास्तीचं करतो, विमानतळावर धावतो, स्टेडियममध्ये माइक हिसकावतो, आणि ते सगळं त्याला परत न मागता येणारं कर्ज म्हणून तिच्या डोक्यावर बसतं, एवढं केलं आता तरी हो म्हण. हा माणूस जेवढं गेलं तेवढंच मागतो आणि चालता होतो. तिच्यावर काही बाकी ठेवत नाही. मग तिचं 'हो' तिचं असतं.

रात्रपाळी

मीही बघितला, पहाटे. बिलाबद्दल सहमत, चादरीबद्दल सहमत. पण काका, त्याच सीनमध्ये तो बापाला म्हणतो की तुझ्या मुलीला रोज एक ठोसा देणारा माणूस हवा, चूक असो नसो. आणि बाप हसतो. ते कसं गिळायचं?

जुना_प्रेक्षक

गिळायचं नाही. ९० वर्षांपूर्वीच्या सिनेमातलं ते तेव्हाचं आहे आणि वाईटच आहे. तुम्ही ऐकलंत हे बरं झालं, मी इतक्यांदा बघूनही ते वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे, त्यांच्या मात्र लक्षात होतं.

खडूस_कावेरी

मी तिथे पॉज केलं होतं. आई म्हणाल्या, "असला जावई असेल तर ३९ रुपये पण देऊ नको."

संकलक

अडचण खरी हवी हा निकष मान्य असेल तर पुढचा माझ्याकडून. 'बिफोर मिडनाइट', २०१३. तीन सिनेमांच्या मालिकेतला तिसरा, १९९५, २००४ आणि हा, दर वेळी मध्ये नऊ वर्षं आणि नट तेच, एथन हॉक आणि ज्युली डेल्पी. पहिल्यात ट्रेनमध्ये भेटून व्हिएन्नात रात्रभर बोलत फिरतात. तिसऱ्यात मुलं झालीयेत, त्याचा आधीच्या लग्नातला मुलगा अमेरिकेत आहे, आणि हॉटेलच्या खोलीत जे भांडण होतं ते अर्धा तास चालतं. गैरसमज शून्य. दोघांना एकमेकांचं सगळं समजलेलं आहे, तेच तर भांडण. नोकरी कोणी सोडायची, मुलाजवळ राहायला देश बदलायचा का. ती खोलीतून निघून जाते, परत येते, पुन्हा जाते, दार दर वेळी वेगळ्या जोराने लागतं. एडिटर म्हणून सांगतो, तिथे चिकटवाचिकटवी काही नाही, नुसतं टिकवलंय.

मधुमालती

हे रॉमकॉम आहे??

संकलक

विनोद आहे. प्रेम आहे. फक्त क्रम उलटा आहे.

कोथरूडची_कैरी

माझ्या होणाऱ्या सासूबाई रविवारी येतायत, साखरपुड्याची यादी करायला. दुपारी सगळ्यांनी मिळून काहीतरी बघायचं ठरतंय. हा लावू का?

संकलक

अजिबात नको!! भांडणाच्या आधी बराच वेळ ती बाई अर्धवट कपड्यांत आहे आणि रिमोट कुठे ठेवलाय ते नेमकं तेव्हाच आठवत नाही.

पेठेतला_पेडगावकर

बनवाबनवी लावा. साखरपुड्याआधी दोन्ही घरांना सोबत हसता येतंय का तेही कळेल, आणि जागेचा विषय निघालाच तर सासूबाईंना सरळ विचारता येईल, फ्लॅट कोणाच्या नावावर करणार म्हणून.

कोथरूडची_कैरी

फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांच्या. बनवाबनवी फायनल. चहाला कोण कोण येतंय?